कुठलं विष, ते आधी ठरवा

घरात मृदा आरोग्य पत्रिका असेल तर एकदा समोर घेऊन बसा. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत मातीच्या १२ गोष्टी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पत्रिका उपयोगाची आहे, खताचा हिशेब तिच्यावरूनच करावा. पण तिच्यात कीटकनाशकाचा रकाना नाही. तणनाशकाचा नाही, शिशाचा नाही, कॅडमियमचा नाही. तांबं आहे, तेही कमतरता शोधण्यासाठी. म्हणजे शेजारच्या कारखान्याचं पाणी दहा वर्षं ज्या शेतात मुरलं, त्या शेताचीही पत्रिका सगळीकडे हिरवी येऊ शकते.

मग विषाची तपासणी कुठे करायची, हा प्रश्न लगेच येतो. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: कुठलं विष? ‘मातीत जे काही असेल ते शोधा’ अशी तपासणी प्रयोगशाळेत होत नाही. धातूंचं यंत्र वेगळं, कीटकनाशकांचं वेगळं, क्षारांची पद्धत वेगळी आणि प्रत्येकाची फी वेगळी. काय शोधायचं हे न सांगता नमुना दिला, तर पैसे जातात आणि ‘आढळले नाही’ असा कागद हातात येतो. तो कागद खराही असतो, कारण जे होतं ते कोणी शोधलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात वहीपासून करा. गटवार एक पान घ्या. गेल्या पाच-सहा हंगामांत कुठलं तणनाशक कधी मारलं, हुमणीसाठी किंवा वाळवीसाठी काय ओतलं, पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या ओढ्याचं, भराव कुठून आणला, कंपोस्ट कुणाकडून घेतलं, हे सगळं लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा. बीएचसी पावडर, म्हणजे गॅमॅक्झीन, कुठल्या कोठीत ठेवायचे, बी कुठे चोळायचे, जुने डबे कुठे पुरले, हे त्यांनाच ठाऊक असतं. दुकानाच्या पावत्या सापडल्या तर उत्तम, कारण ‘थिमेट टाकलं’ असं म्हणणाऱ्या माणसाने दरवेळी फोरेटच टाकलेलं असतं असं नाही. दाणेदार औषधाला सरसकट थिमेट म्हणायची आपल्याकडे सवय आहे.

या पानावरून एक गोष्ट ठरते. तुमचा संशय काही महिन्यांत विरून जाणाऱ्या पदार्थावर आहे, की तुमच्या नातवंडांच्या काळातही तिथेच राहणाऱ्या पदार्थावर? दोन्हींना आपण ‘जमीन बाद झाली’ असं एकच नाव देतो, पण पहिल्यात बहुतेकदा एक हंगाम धीर धरावा लागतो आणि दुसऱ्यात पीक बदलावं लागतं.

उगवतं आणि मग जळतं

सर्वांत जास्त तक्रारी तणनाशकाच्या असतात, आणि त्यातली पुष्कळ भांडणं बियाण्याच्या दुकानात होतात. उसात किंवा मक्यात अॅट्राझिन मारलेलं असतं. पुढच्या हंगामात तिथे सोयाबीन, हरभरा किंवा भाजीपाला घेतला जातो. उगवण छान होते. आठ-दहा दिवसांनी खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, करपतात आणि रोप बसतं. बियाणं खराब असतं तर उगवलंच नसतं. अॅट्राझिन पानातली अन्न तयार करण्याची क्रिया बंद पाडतं, त्यामुळे बियातला साठा संपेपर्यंत रोप तग धरतं आणि मग जातं.

जमिनीतलं अर्धं अॅट्राझिन संपायला साधारण दोन महिने लागतात असं धरलं जातं. पण हा हिशेब ओल, ऊब आणि सूक्ष्मजीव असलेल्या जमिनीचा. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींचा सामू आठच्या आसपास असतो आणि अशा जमिनीत अॅट्राझिन जास्त रेंगाळतं. क्लोरीम्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, सल्फोसल्फ्युरॉन ही हेक्टरी काही ग्रॅममध्ये वापरायची तणनाशकंही आम्लधर्मी मातीत लवकर फुटतात, विम्ल मातीत टिकतात. सल्फोसल्फ्युरॉन मारलेल्या गव्हानंतर ज्वारी किंवा मका घेऊ नये ते याचमुळे. त्यातून पाऊस कमी झालेलं वर्ष असेल तर औषध फुटायला लागणारी ओलच मिळत नाही. दुष्काळी वर्षानंतरच्या हंगामात ‘गेल्या वर्षी तर काही झालं नव्हतं’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याचं उत्तर बहुतेकदा पावसात असतं.

या संशयासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कुंड्या लागतात, किंवा तळाला भोक पाडलेले प्लास्टिकचे पेले. संशय असलेल्या तुकड्यातून पाच-सहा ठिकाणची वरची चार ते सहा इंच माती घ्या. त्याच पोताची, पण ते औषध कधी न पडलेली माती दुसरीकडून घ्या. उन्हात वाळवू नका, वाळवलं की औषधाचं वागणं बदलतं. दोन्ही मातींत जे पीक घ्यायचं आहे त्याचं बी लावा. शिवाय काकडी किंवा मोहरी लावा, कारण ही रोपं नाजूक असतात आणि लवकर बोलतात. सोबत थोडा मकाही लावा. पेले उन्हात ठेवा, पाणी बेताने द्या आणि उगवल्यानंतर पूर्ण दोन आठवडे थांबा. चौथ्या दिवशी हिरवी रोपं पाहून पेरणीला निघणारे लोक इथेच फसतात.

मका सरळ वाढला आणि मोहरी, काकडी जळाली तर अॅट्राझिनवर बोट ठेवायला हरकत नाही. मकाच खुरटला असेल तर सल्फोसल्फ्युरॉनच्या जातीचं काहीतरी असू शकतं. एक तिसरा पेलाही ठेवावा असं मी सुचवेन: संशयित मातीतच चमचाभर अॅक्टिव्हेटेड कार्बनची पूड नीट मिसळायची. ही पूड तणनाशक धरून ठेवते. त्या पेल्यातलं रोप सुधारलं तर दोष औषधाचा. तेही तसंच मेलं तर बुरशी, क्षार किंवा दुसरं काही शोधायला लागा.

दोष तणनाशकाचा निघाला तर जमीन रिकामी, कोरडी ठेवून काही साधत नाही. औषध फोडणारे जीवाणू ओल्या, उबदार, शेणखत असलेल्या मातीत काम करतात. पाणी द्या, चांगलं कुजलेलं खत घाला, वाफशावर माती हलवा आणि त्या औषधाला न जुमानणारं पीक एक हंगाम घ्या. अॅट्राझिनसाठी मका किंवा ज्वारी चालते. पुढची पेरणी पुन्हा पेल्यांना विचारून करा.

टू-फोर-डी या तणनाशकाची गोष्ट मात्र निराळी. ते ओलसर मातीत काही आठवड्यांत संपतं. कपाशीची पानं भेंडीसारखी चिरत गेली, द्राक्षाचा शेंडा पंख्यासारखा आकसला, तर खाली मातीकडे पाहण्याआधी वाऱ्याची दिशा पाहा आणि पंप पाहा. शेजारच्या उसातला फवारा येतो, नाहीतर आदल्या दिवशी तणनाशक मारलेला पंप नुसता खळखळून घेतलेला असतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं हा खर्च वाटतो, पण एका कपाशीच्या हंगामापुढे तो काहीच नाही.

पीक जोमदार आहे, म्हणून

पेल्याची चाचणी धातूंना आणि जुन्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांना ओळखत नाही, हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. खाणाऱ्याला घातक ठरेल इतकं कॅडमियम पालकाच्या पानात असलं तरी पालक हिरवागार दिसू शकतो. रोपाला त्रास होत नाही, माणसाला होतो. त्यामुळे ‘गटाराच्या पाण्यावर भाजी बघा कशी येते’ हे कौतुक ऐकून निश्चिंत होऊ नये. सांडपाण्यात नत्र असतं, म्हणून भाजी तशी येते.

जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यावर भात पिकायचा. वरच्या अंगाला कामिओका खाण होती आणि तिच्यातलं कॅडमियम नदीतून खाचरांत उतरत होतं. भात खाणाऱ्यांची हाडं ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’ या दुखण्याला १९६८ साली सरकारने प्रदूषणाचा आजार म्हणून मान्यता दिली. खाचरांची वरची माती बदलण्याचं काम १९७९ ला सुरू झालं आणि २०१२ मध्ये संपलं. एवढा पैसा आणि एवढी यंत्रणा असलेल्या देशाला जे तेहतीस वर्षं पुरलं, ते बाटलीतल्या ‘जमीन शुद्धीकरण द्रावणा’ने एका महिन्यात होईल असं सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातून परत पाठवा. धातू कुजत नाही. जीवाणू त्याला खाऊन संपवू शकत नाहीत. सूर्यफूल किंवा मोहरी लावून धातू ओढून घेता येतात हे खरं, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात आणि ते पीक खायचं नसतं, गुरांना घालायचं नसतं, कंपोस्टमध्येही टाकायचं नसतं. मग त्याचं करायचं काय, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

तरीही अशा जमिनीवर करण्यासारखं पुष्कळ आहे. आधी आत येणारं पाणी बंद करा. हे न करता बाकी काहीही करणं फुकट. मग सामू बघा. कॅडमियम, शिसं, निकेल हे धातू आम्ल मातीत सुटे होतात आणि चुनखडीच्या मातीत बरेचसे अडकून राहतात. म्हणजे तेच पाणी लोटे किंवा महाडच्या बाजूच्या तांबड्या, आम्ल जमिनीत गेलं तर कुरकुंभच्या बाजूच्या काळ्या जमिनीपेक्षा पिकात जास्त उतरण्याचा धोका. कोकणात चुना घालून सामू वाढवणं इथे खरोखर कामाला येतं. मात्र अर्सेनिक आणि सहा संयुजेचं क्रोमियम उलट वागतात, सामू वाढला की ते अधिक मोकळे होतात. म्हणून चुन्याचं पोतं फोडण्याआधी धातू कुठला ते कळायला हवं. इलेक्ट्रोप्लेटिंग किंवा चामड्याच्या कारखान्याचं पाणी असेल तर प्रयोगशाळेला एकूण क्रोमियम आणि सहा संयुजेचं क्रोमियम असे दोन्ही आकडे मागा.

आणि पीक बदला. पालक, मेथी, कोथिंबीर, चुका अशा पानभाज्या कॅडमियम सर्वांत सहज उचलतात. मुळा, गाजर, बीट यांना माती चिकटते आणि त्यांच्यातून शिसं घरात येतं. फळझाडं, शेंगा आणि भात सोडून बाकीचे दाणे यांत हे धातू पुष्कळ कमी पोचतात. त्याहून सुरक्षित म्हणजे कपाशी, फुलं, बांबू, रोपवाटिका, बियाण्याचे प्लॉट. चाऱ्याला मात्र मी सुरक्षित म्हणणार नाही, कारण विशेषतः जुनी कीटकनाशकं चरबीत साठतात आणि दुधातून बाहेर येतात.

या जुन्या औषधांबद्दल थोडंच सांगतो. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबला, बीएचसी १ एप्रिल १९९७ पासून बंद झालं. साधारण शेतात आता त्यांचा फारसा धाक बाळगायचं कारण नाही. पण जुनी गोदामं, बी चोळायच्या जागा, डबे पुरलेले खड्डे यांच्या आसपास तपासणी जरूर करा, विशेषतः सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर. प्रमाणपत्राच्या रूपांतर काळात डीडीटी संपत नाही. काकडी, भोपळा या वेलवर्गातल्या पिकांना अशी औषधं मुळातून वर खेचायची वाईट खोड आहे. गाजरात ती सालीत साठतात. फ्रान्सच्या ताब्यातल्या मार्टिनिक आणि ग्वाडेलूप बेटांवर १९७२ ते १९९३ या काळात केळीच्या सोंडकिडीसाठी क्लोरडेकोन वापरलं गेलं आणि ते मातीत आजही आहे. तिथल्या कुटुंबांना परसबागेची माती तपासून सांगितलं जातं की कंदमुळं नकोत, वेलभाज्या जपून, टोमॅटो आणि झाडावरची फळं चालतील. आपल्यालाही साधारण हाच क्रम धरायला हरकत नाही.

द्राक्षवाल्यांसाठी एक हिशेब. मोरचूदात २५ टक्के तांबं असतं. एकरी ४०० लिटर एक टक्का बोर्डो मारलं की ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं बागेत पडलं. युरोपात तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, वर्षाला एकरी साधारण १.६ किलो. दोन पूर्ण फवारण्यांतच आपण तिच्या पुढे जातो. तांबं खाली धुपून जात नाही, वरच्या थरात साठतं आणि गांडुळांना नकोसं होतं. बाग जुनी असेल तर पत्रिकेतला तांब्याचा आकडा ‘पुरेसे’ या शेऱ्यावर न थांबता मागच्या आकड्याशी ताडून पाहा. पावसाळ्यात अर्धा टक्का पुरेल तिथे एक टक्का कशाला?

टँकर फुकट आला तर

कारखान्याचं पाणी दरवेळी चोरूनच येतं असं नाही. डिस्टिलरीचं मळीचं पाणी, म्हणजे स्पेंट वॉश, कित्येकांनी मागवून घेतलेलं असतं. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर हे पाणी निघतं आणि ते कुठेतरी घालवावं लागतं. त्यात पालाश भरपूर, म्हणून पहिल्या वर्षी ऊस काळाभोर दिसतो. पण त्याचा सामू चारच्या आसपास असतो, क्षार प्रचंड असतात आणि ते जमिनीत मुरून विहिरीत उतरलं की पाणी तपकिरी होतं. क्षाराने बिघडलेल्या जमिनीला जिप्सम टाका असा सल्ला सगळेच देतात. जिप्सम उपयोगी पडतं ते सोडियम वाढून जमीन चोपण झाली असेल तेव्हा. नुसते क्षार साठले असतील तर निचऱ्याची चारी आणि गोडं पाणी हाच उपाय. दोन्हींतला फरक क्षारता (ईसी), सामू आणि सोडियमच्या आकड्यांवरून कळतो.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा गाळ ‘खत’ म्हणून कुणी आणून टाकत असेल तर स्पष्ट नकार द्या. रासायनिक वसाहतीतला असा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, त्याची जागा परवानाधारक भरावभूमीत असते आणि त्यावर खर्च येतो. तुमच्या शेतात तो फुकट का येतोय, याचं उत्तर तेच आहे. शहरी कंपोस्ट घेताना विक्रेत्याकडे धातूंचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात किलोमागे कॅडमियम ५, शिसं १०० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

रात्री ओढ्याला रंगीत पाणी आलं तर मोबाइलवर तारीख-वेळेसह चित्रण करा. सामूच्या पट्ट्या दुकानात मिळतात, एक डबी घरात असू द्या. पाणी बाटलीत भरून ठेवा, पण हा नमुना तुमच्या माहितीसाठी. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे कोर्टात टिकणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनेच घ्यावा लागतो. म्हणून त्याच सकाळी मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि संयुक्त पाहणी मागा. पिकाचा पंचनामा तहसीलदारांकडे वेगळा मागावा लागतो. एकट्याने अर्ज देण्यापेक्षा ओढ्याकाठच्या सगळ्या गटांचा मिळून एक अर्ज दिला तर कागद हलतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांत करता येतो, त्यामुळे पहिल्या तक्रारीची पोच जपून ठेवावी. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढले आहेत. संशयित जागांची माहिती वर कळवण्याची जबाबदारी त्यात स्थानिक आणि जिल्हा प्रशासनावर आहे. जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज देताना या नियमांचा उल्लेख करा.

नमुना घेताना

खतासाठी माती काढताना आपण शेतभर फिरून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करतो. इथे तसं केलं तर विष पातळ होऊन दिसेनासं होतं. पाणी जिथे शिरतं तिथला नमुना वेगळा, शेताच्या मध्याचा वेगळा आणि पाणी न पोचलेल्या उंच कोपऱ्याचा वेगळा. हा तिसरा नमुना वाचवू नका, कारण काही धातू आपल्या खडकातूनच आलेले असतात आणि तुलना केल्याशिवाय कारखान्यावर बोट ठेवता येत नाही. धातूंसाठी जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेलं वापरू नका, लाकडी किंवा प्लास्टिकचं खोरं आणि स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चालते. कीटकनाशकांसाठी उलट: काचेची बरणी घ्या, झाकणाखाली अॅल्युमिनियमचा कागद लावा, बर्फात ठेवा आणि लवकर पोचवा. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची आहे का एवढंच विचारून भागत नाही. मातीतल्या त्या विशिष्ट घटकासाठी मान्यता आहे का, हे विचारा. कुणाला विचारावं कळत नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात वही घेऊन जा.

एक नमुना कुणीच घेत नाही, तो म्हणजे पंप भरायच्या जागेचा. औषध मोजताना सांडतं, पंप तिथेच धुतला जातो आणि ही जागा बहुतेक विहिरीच्या काठावर असते. शेतातली सर्वांत बिघडलेली माती अनेकदा तिथली असते. ही जागा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब न्या. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. धुण्याच्या पाण्यासाठी पावसाचा लोंढा येणार नाही अशा ठिकाणी एक खड्डा घ्या, तळाला चिकण मातीचा थर द्या, वर निम्मा पाचटाचा किंवा भुश्याचा चुरा, पाव हिस्सा कंपोस्ट आणि पाव हिस्सा शेतातली माती असं मिश्रण भरा आणि वर गवत वाढू द्या. स्वीडनमध्ये १९९३ पासून असे खड्डे वापरतात. त्यातले जीवाणू धुवणातलं कीटकनाशक फोडतात. मोरचुदाचं धुवण मात्र यात टाकू नका, तांबं तिथेच साठत राहील. मिश्रण ओलसर ठेवा, चिखल होऊ देऊ नका, आणि दरवर्षी ते जेवढं खाली बसेल तेवढं पाचट वरून घाला.